‘भात’ असं लिहिलेली वायर

पुण्यात खोली शोधताना घरमालकांनी मला काय काय विचारलं, याची मी एकदा यादी केली होती. आडनाव, गाव, मांसाहार, पाहुणे, लग्नाचा विचार. कसबा पेठेतल्या एका गृहस्थांनी तर मी उत्तर द्यायच्या आतच, ‘आपल्याला इथे करमायचं नाही,’ असं माझ्या वतीनं सांगून दार लावून घेतलं. हडपसरच्या काकांनी मात्र पहिलाच प्रश्न असा विचारला की मला तो दुसऱ्यांदा विचारायला लावावा लागला.

"तुमच्याकडं लोखंडी बॉडीची वस्तू कोणती हाय?"

मी म्हटलं, ट्रंक आहे. ते म्हणाले, विजेची. मग टेबलफॅन आठवला. आधी फॅन दाखवायला आणा, खोली नंतर बघा, असं सांगून ते आत गेले. दुसऱ्या दिवशी मी फॅन काखेत मारून त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी प्लग उघडून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. फॅनला दोनच वायरी होत्या. तिसरी, अर्थिंगची हिरवी वायर त्यांनी तिथंच पायरीवर बसून घातली, फॅनच्या जाळीला हात लावून पाहिला आणि त्यानंतर भाडं सांगितलं.

काका हडपसरच्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिक मेंटेनन्सचे फोरमन होते. उदारीकरणाच्या वाऱ्यात कारखान्याला नवे मालक मिळाले, नव्या मालकांना जुनी माणसं जड झाली आणि काकांनी इतरांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘इच्छा त्यांची होती, निवृत्ती मला दिली,’ असं ते सांगत. मूळचे लोणी काळभोरचे. बोलण्यात गाव होतं, हातात कारखाना होता. मला ते शेवटपर्यंत ‘वर्धेवाले’ म्हणत. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नवा लागलेला, आणि साऱ्या कंपनीला वर्ष दोन हजार उजाडताच संगणक तारखा चुकतील याची धास्ती पडलेली.

आईनं फोनवर विचारलं, घरमालकांचं आडनाव काय. समोर काकांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली रोजचं ताजं फूल. मी आईला म्हटलं, लाइन नीट नाही, आवाज कटून राहिला, आणि फोन ठेवला. पुढे कित्येक महिने तो प्रश्न मी असाच चुकवला. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण या हकिकतीत माझं गप्प बसणं बरंच येणार आहे.

घरामागच्या पायरीजवळ हातभर रुंदीचं एक लोखंडी झाकण होतं. त्याखाली अर्थिंगचा खड्डा: खोल पुरलेली तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. जमीन कोरडी पडली की वीज पोटात घेत नाही, म्हणून काका दर रविवारी सकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत, उन्हाळ्यात रोज. नळाला पाणी दिवसाआड येई तेव्हासुद्धा खड्ड्याची बादली आधी भरायची, मग आंघोळीची. शेजारच्या बाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, की इतकी वर्षं पाणी घालताय, काही उगवत कसं नाही? काका म्हणाले, "त्याच्यामुळंच तुम्ही इचारायला हायसा."

कुणाच्याही घरी गेले तरी पिशवीत टेस्ट लॅम्प असायचा. पिवळा होल्डर, साठचा बल्ब आणि दोन लांब वायरी. चहा यायच्या आधी काका भिंतीतल्या सॉकेटशी उकिडवे बसत. बल्ब लख्ख पेटला तर चहा घेत. मिणमिणला तर कप खाली ठेवून घराच्या कर्त्या माणसाला बोलावत आणि त्याला समोर बसवून सांगत, की तुमच्या घरात अर्थिंग नाही, फ्रिज पुसताना बाईमाणूस जाईल. लोकांना हे अभद्र वाटे. जयंतीच्या मंडपाची वायरिंग मात्र सगळी वस्ती त्यांच्याकडूनच तपासून घेई, आणि ते काम ते नवा सदरा घालून करत.

रोज सकाळी ते वंदना म्हणत. वरच्या माझ्या खोलीत मला ऐकू यायचं. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते इतर लोक म्हणतात तसं काका म्हणत नसत. सुरक्षेचा नियम म्हणून पाळत. एकदा लोणीहून एक माणूस शेजारच्या मुलाची चौकशी करायला आला. मुलगा निर्व्यसनी आहे ना, एवढंच त्याला काकांच्या तोंडून ऐकायचं होतं. काकांनी सांगितलं, शनिवारी पितो, रविवारी पस्तावतो, सोमवारी वेळेवर कामाला जातो. सोयरीक मोडली आणि शेजारी वर्षभर आमच्या दारावरून तोंड फिरवून जात राहिला. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या जिभेला फ्यूजच न्हाई." काकांना त्यात आपलं काय चुकलं ते खरोखर कळलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, असं ते दोन दिवस पुटपुटत राहिले.

मला गाण्याचं वेड आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्या खोलीतल्या जुन्या ॲम्प्लिफायरची वायर बोटांत फिरवली आणि ‘ही घोड्याच्या शेपटीतला केस हाय’ म्हणून काढून घेतली. नवी वायर त्यांनी एका रविवारी दुपारी केली. तीन पदरी, शुद्ध तांबं, दीड चौरस मिलिमीटर. लांबी भिंतीपासून रॅकपर्यंत आणि वर वीतभर. वेटोळं उरता कामा नये. प्लग दाबून भरलेला नको, उघडता येणारा हवा, कारण ज्याच्या आत बघता येत नाही त्याच्यावर विश्वास काय ठेवायचा. मी शहाणपणा करून टोकांना सोल्डर लावून ठेवलं होतं. त्यांनी तिन्ही टोकं छाटून टाकली. सोल्डर मऊ असतं, स्क्रूखाली दबत जातं, सहा महिन्यांत स्क्रू सैल होतो आणि सैल जोड तापतो, हे त्यांनी मला प्रत्येक वाक्यानंतर ‘कळलं?’ असं विचारत सांगितलं. प्लगच्या आत हिरवी वायर ते मुद्दाम इतर दोघींपेक्षा लांब ठेवत. कुणी अडखळून वायर ओढली तर आधी बाकीच्या तुटाव्यात आणि हिरवी सगळ्यांच्या मागून. प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी चिकटवून वर सुवाच्य अक्षरात लिहीत: ‘पंखा’, ‘इस्त्री’, ‘भात’. माझ्या वायरीवर त्यांनी ‘गाणं’ असं लिहिलं.

मग अर्धा तास गाणं लावून ठेवायला सांगितलं. गाण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. अर्ध्या तासानं त्यांनी प्लगला हाताची मागची बाजू लावली, लेकराचा ताप बघतात तशी, आणि समाधानानं उठले. मी विचारलं, आवाजात काही फरक पडला का? ते म्हणाले, "वायर गाणं म्हणत न्हाई, वर्धेवाले. वायर एक तर गरम होती न्हाई तर होत न्हाई."

त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक मोठा डबा होता. आमच्यासारखी पोरं तेव्हा सहा-सहा महिने अमेरिकेला जाऊन येत, आणि येताना तिथली यंत्रं आणत. तिथली पिन इथे बसेना, म्हणून प्रत्येकाकडे दोन पिनांचा एक पांढरा कन्व्हर्टर असे. यंत्राची तिसरी पिन त्यात जाई आणि तिथंच संपे. लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या येत. आम्हाला ते ‘स्टॅटिक’ वाटे. काका ओळखीच्या घरांमधून हे कन्व्हर्टर चक्क जप्त करून आणत. डबा भरत आला होता. एकानं यंत्राची गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन करवतीनं कापली होती, ती पिनही त्यात होती. ती दाखवताना त्यांचा आवाज बदले. कारखान्यात अशाच एका कापलेल्या पिनेपायी त्यांच्या हाताखालचा माणूस गेला होता. त्याबद्दल ते एवढंच सांगत, की पिन कुणी कापली हे त्यांनी चौकशीत सांगितलं, आणि ज्यानं कापली तो त्यांचा मित्र होता.

त्यांना एकुलता एक मुलगा, मिलिंद. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, शांत, हसतमुख. लष्कर भागात त्यानं परदेशी ऑडिओचं दुकान काढलं होतं आणि तो राहायचाही तिकडेच. काचेचा दरवाजा, गालिचा, मंद दिवे, बसून ऐकायला सोफा. गिऱ्हाईक आमच्यासारखंच: हातात नवे पैसे आलेले आणि कानांना नवी ऐट आलेली. मिलिंदला खरोखर ऐकता येई. तंबोऱ्याची तार कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते, हे मला त्यानं शिकवलं. दुकानाची सगळी वायरिंग काकांनी अकरा दिवस खपून स्वतः केली होती, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात दुकानासाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घेतला होता. तिथे नळ नव्हता. म्हणून दर रविवारी, घरचा खड्डा झाला की, काका पाच लिटरचा कॅन घेऊन बसनं लष्करात जात, पाणी ओतत आणि दुकानात न शिरता परत येत. मुलाच्या धंद्यात लुडबुड नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

लुडबुड झाली ती वायरीवरून. मिलिंदकडे मनगटाएवढ्या जाड, निळ्या विणीच्या परदेशी पॉवर केबल असत. ती लावली की आवाज मोकळा होतो, असं तो सांगे, आणि ते तो मनापासून सांगे. एकदा काका पाणी ओतून परतताना एका गिऱ्हाइकानं दारातच त्यांना गाठलं. तुम्ही इथलेच ना, मग ही केबल घेऊ का? त्यानं विचारलं म्हणून काकांनी सांगितलं. गिऱ्हाईक केबल ठेवून गेलं. असं तीनदा झालं. तेव्हा मिलिंद घरी आला, चहा न घेता जमिनीवर बापासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही खोटं बोला असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्ही फक्त गप्प बसा. माझ्यासाठी एवढंच करा."

काका म्हणाले, "बरं. बोलणार न्हाई." मी तिथेच होतो. मिलिंद इतका हलका झाला की जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी मी अमेरिकेची फेरी करून आलो होतो आणि मला नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा होता. रविवारी सकाळी काकांबरोबरच निघालो. त्यांच्या एका हातात कॅन, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत टेस्ट लॅम्प, आणि काकूंच्या विजेच्या भाताच्या कुकरची वायर. तिच्यासारखं आणखी एक टोक जाता जाता विकत घ्यायचं होतं, म्हणून ती नमुन्याला घेतली होती. पाणी ओतून झाल्यावर मी आग्रह केला म्हणून काका त्या दिवशी आत आले. दुकानात आणखी एक जोडपं बसलेलं. मिलिंदनं बासरी लावली, आधी साध्या केबलवर. आम्ही ऐकलं. मग त्यानं यंत्र बंद केलं, रॅकच्या मागे वाकून निळी केबल जोडली आणि एवढ्यात फोन आला म्हणून तो बाहेरच्या खोलीत गेला. जोडपं कॅटलॉग चाळत होतं. काका उठले, रॅकच्या मागे गेले आणि आपल्या जागी येऊन बसले. मला वाटलं, सवयीप्रमाणे जोड बघून आले असतील.

मिलिंद आला, त्यानं यंत्र सुरू केलं. मी डोळे मिटून घेतले. मला खरंच ऐकू आलं. बासरीवाल्याचा श्वास, ओठांची हालचाल, सगळं. मी म्हणालो, "काय सांगू, माणूस समोर येऊन बसला." जोडप्यानं माना डोलावल्या. मिलिंदचा चेहरा उजळला. तेव्हा काका उठले, पुन्हा मागे गेले, तिथे गुंडाळून ठेवलेली निळी केबल दोन्ही हातांत घेऊन आले आणि तिपाईवर ठेवली. बासरी चालूच होती. मिलिंद मागे वाकला. त्यानं सरळ होताना हातात जी वायर धरली होती, तिच्यावर कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर काकांच्या अक्षरात ‘भात’.

जोडप्यानं कॅटलॉग मिटला. आम्ही परत बसमध्ये बसलो, तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. काका म्हणाले, "मी शब्द पाळला. एक अक्षर बोललो न्हाई." थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, मिलिंदचा चेहरा मी पाहिला का. मी म्हटलं, पाहिला. ते म्हणाले, "मी वायर बघत हुतो. त्याच्याकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं." आणि हडपसर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सोमवारी सकाळी कामाला हात लावायच्या आधी मी तो किस्सा लिहून काढला. त्या काळी कंपनीतल्या प्रत्येकाला ई-मेलचं नवं वेड होतं; विनोद, गणपतीचे फोटो, आजारी मुलांसाठी आवाहनं, सगळं पुढे पाठवलं जाई. मी दुकानाचं नाव गाळलं, पण लष्कर, काचेचा दरवाजा, मालकाचे वडील, सगळं लिहिलं. बासरीवाला समोर येऊन बसल्याचं वाक्य मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या तोंडी घातलं. लिहिताना मजा आली, हे कबूल करतो. सहा मित्रांना पाठवलं. आठवड्याभरानं तीच मेल मला दुसऱ्याच कंपनीतल्या एका अनोळखी माणसाकडून आली, ‘वाचाच’ असं वर लिहून. मी हसलो आणि खालपर्यंत न बघता पुसून टाकली.

हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं, ते मला उशिरा कळलं. दुकानात फोन येत, भाताची वायर आहे का. लोक काचेतून बोट दाखवून जात. एकानं काउंटरवर मूठभर तांदूळ ठेवले. ज्यांनी निळ्या केबल घेतल्या होत्या ते त्या परत करायला आले, आणि केबलवरचा विश्वास उडाला तसा ॲम्प्लिफायरवरचा, स्पीकरवरचा आणि मिलिंदच्या कानांवरचाही उडाला. पुण्यात माणूस महाग विकतो म्हणून कुणी त्याला सोडत नाही. तो हास्यास्पद झाला की सोडतात. तीन महिन्यांत दुकान रिकामं पडलं.

एका शनिवारी सकाळी मिलिंद घरी आला. काका मागच्या पायरीवर होते, मी जिन्यावरून उतरत होतो. काकूंच्या हातात पिठाची परात. त्यानं आवाज चढवला नाही.

"बाबा, त्या दिवशीची गोष्ट बाहेर कुणी सांगितली?"

काकांनी मान वर केली आणि त्यांची नजर आधी माझ्यावर पडली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण माझी पाचावर धारण बसली होती आणि ती त्यांना दिसली असणार. पन्नास प्लग उघडून आतली चूक एका नजरेत ओळखणारा माणूस तो. त्यांनी माझ्यावरून नजर काढली आणि मुलाकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले.

"कुणाला सांगितली?"

"बसमध्ये. एक जण शेजारी बसला हुता, त्याला सांगितली."

काकूंनी परात खाली ठेवली. मिलिंद वळून माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, त्या दिवशी बसमध्ये मी बरोबर होतो म्हणून तो मला साक्षीला धरतोय. मी मान हलवली. हो अशी. तो आणखी थोडा वेळ बघत राहिला, मग काकूंच्या पाया पडला आणि पुढच्या दारानं निघून गेला.

दुपारी मी काकांकडे गेलो. मी काही बोलायच्या आतच त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "चाचणी मी घेतली. निकाल कुणी वाचून दावला त्याला महत्त्व न्हाई. आन् मी बाप हाय. माझ्यावर चार दिस रागवंल. तुमच्यावर रागावला तर जन्मभर रागवंल." हे हिशेबानं खरं वाटत होतं आणि माझ्या सोयीचं होतं. मी ते लगेच मान्य केलं. वर जाऊन मी स्वस्थपणे गाणंसुद्धा लावलं.

चार दिवसांची नऊ वर्षं झाली. मिलिंद बंगळूरला एका कंपनीत लागला. मोठ्या सभागृहांची ध्वनियंत्रणा बसवायचं काम. काकूंना दर रविवारी फोन करी. बोलणं संपत आलं की काकू फोन काकांच्या कानाशी नेत, आणि त्याच क्षणी पलीकडून बंद होई. काकू तरी दर रविवारी नेत. काका तरी दर रविवारी कान पुढे करत. दुकानाच्या जागी एक मोबाइलवाला आला, तरी महिन्यातून एकदा काका कॅन घेऊन तिथल्या खड्ड्यात पाणी घालून येत. तो खड्डा आता कुणाच्या उपयोगाचा, असं मी एकदा विचारलं. आत माणसं काम करतात ना, असं ते म्हणाले.

सकाळची वंदना चालूच होती. पण चौथ्या शीलापाशी ते थांबू लागले. विसरल्यासारखे नाही; पायरी उतरताना गुडघा दुखावा तसे थांबत, आणि मग ते शील हळू आवाजात म्हणून पुढे जात. मी वरच्या खोलीत चहा पीत ते ऐकत असे. रोज ठरवायचो की आज मिलिंदला फोन करीन. नंबर काकूंकडून घेऊन ठेवला होता. एकदा लावलासुद्धा, त्यानं ‘हॅलो’ म्हटलं आणि मी ठेवून दिला. मग माझं लग्न झालं, हडपसरमध्येच फ्लॅट झाला, आणि ठरवणंही कमी होत गेलं. नव्या फ्लॅटमध्ये पहिला पाहुणा म्हणून काका आले, टेस्ट लॅम्प लावला, बल्ब लख्ख पेटला आणि त्यांनी चहा घेतला. माझ्या बायकोला म्हणाले, तुमचे मालक चांगलं माणूस हाय. मी आणखी चहा आणायच्या निमित्तानं आत गेलो.

ते गेले तेव्हा मी पुण्यातच होतो. हृदयविकार, दोन दिवस दवाखाना. मिलिंद पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर पांढऱ्या कपड्यांनी भरलं होतं. भन्तेजींनी पंचशील दिलं, आम्ही सगळ्यांनी मागून म्हटलं. चौथं शील मला उच्चारता आलं नाही. कार्यक्रम आटोपल्यावर मिलिंद जिन्याच्या खालच्या पायरीवर एकटाच बसला होता. केस पिकले होते. मी त्याच्याजवळ गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं: ती मेल मी लिहिली होती, काकांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. नऊ वर्षं ठरवून ठेवलेली वाक्यं होती, ती दोन मिनिटांत संपली.

तो चकित झाला नाही. बाजूला सरकून त्यानं मला बसायला जागा दिली.

"मेलच्या सगळ्यात खाली तुमचं नाव होतं," तो म्हणाला. "एका कस्टमरनं प्रिंट आणून दिली होती. त्या दिवशी मी आलो तेव्हा ती माझ्या खिशात होती."

मी विचारलं, मग विचारायला का आलात?

"बाबांकडून ऐकायचं होतं. ते खरं सांगतील याची इतकी खात्री होती. मग मी तुमच्याशी भांडलो असतो आणि संध्याकाळी इथेच जेवलो असतो. दुकानाचं मला काही नाही. दुकानं बुडतात. पण मी त्यांच्याकडे एवढंच मागितलं होतं, की माझ्यासाठी गप्प बसा. तेवढंही त्यांना तत्त्वात बसवता आलं नाही. आणि तुमच्यासाठी ते माझ्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही मान हलवलीत."

मी त्याला चार दिवसांबद्दल सांगितलं. काका काय म्हणाले होते ते, शब्द न शब्द: बाप आहे म्हणून चार दिवस रागवेल. ते खोटं माझ्यासाठी नव्हतं, मुलाचा राग आपल्याला पेलेल या भरवशावर होतं, हे मी त्याला सांगत होतो आणि सांगता सांगताच मलाही ते पहिल्यांदा कळत होतं. मिलिंदनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दुपारपासून," मी म्हणालो.